नानांची मोजणी

सहा महिन्यांच्या व्हिसावर मुलाकडे इंग्लंडला येणाऱ्या वडिलांच्या काही ठरलेल्या जाती आहेत. एक जात दुकानात प्रत्येक भाजीच्या किमतीला शंभराने गुणते आणि कोथिंबिरीच्या जुडीपाशी थांबून उसासा टाकते. दुसरी थांब्यावर उभी राहून बस वेळेवर आली का, हे घड्याळाशी ताडून बघते. बसमध्ये चढत मात्र नाही. तिसरी खिडकीशी बसून "इथे माणसं राहतात कुठे?" एवढंच विचारते. नाना यांपैकी कशातच बसत नाहीत. नानांनी ओक धरला.

आडनावाने ते ओक नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. तो विनोद नॉटिंगहॅमच्या आमच्या मराठी मंडळातल्या एकाने त्यांच्यासमोर केला होता. नाना काही बोलले नाहीत. पुढच्या शनिवारी त्यांनी त्याला फितीचं दुसरं टोक धरायला सोबत नेलं. दुपारी तो परतला तेव्हा कुठलाही विनोद करण्याच्या अवस्थेत नव्हता.

फीत नानांची स्वतःची, पुण्याहून आणलेली. मेतकुटाचा डबा आणि पत्नीची, म्हणजे माईंची, नऊवारी यांच्या मधे ती बॅगेत गुंडाळून आली होती. मुलाने विचारलं, "बाबा, हे कशाला?" तर म्हणाले, "लागते." सरकारी मोजणी खात्यात उभी हयात काढलेला माणूस. दोन सख्ख्या भावांच्या बांधावर उन्हात उभं राहून, दोघांच्याही शिव्या खाऊन, हद्दीच्या खुणा दाखवून परत येणारा. अशा माणसाला नव्या मुलखात सोडलं की तो आधी हद्दीचा दगड शोधतो. इथली घरं एकसारखी, रस्ते वळणावळणाचे, सूर्याचा भरवसा नाही. घरामागच्या पार्कात एक जुनाट ओक तेवढा हलत नव्हता. नानांनी फीत काढली.

झाडाचं वय घेरावरून काढता येतं, हे त्यांना पार्कात कुत्रा फिरवणाऱ्या शेजाऱ्याने सांगितलं. मोकळ्यावर वाढलेल्या झाडाचा घेर वर्षाला साधारण एक इंच वाढतो. दाट रानातल्या झाडाचा निम्माच. शेजारी बिचारा सहज बोलून गेला. नानांना मात्र नियम सापडला आणि नियम सापडलेला निवृत्त सरकारी अधिकारी ही फार मोठी शक्ती आहे. जमिनीपासून दीड मीटर उंचीवर फीत, उतार असेल तर वरच्या बाजूने, गाठ आली तर गाठीच्या खाली. "फीत सैल धरू नका," हे वाक्य त्या उन्हाळ्यात आमच्या भागात इतक्या वेळा उच्चारलं गेलं की शेजाऱ्याच्या कुत्र्यालाही ते मराठीतून समजायला लागलं असावं. घेर भरला ४.१२ मीटर. म्हणजे १६२ इंच. म्हणजे १६२ वर्षं.

"अठराशे साठीच्या सुमाराचं," नाना म्हणाले. "आपल्याकडे पेन्शन घेऊन मेलेलं असतं."

माईंनी हा नियम घरी गेल्यावर शांतपणे नानांच्या कमरेला लावून पाहिला. बेचाळीस इंच भरले. "तरीच," त्या म्हणाल्या, "अजून पोरकटपणा जात नाही."

त्यानंतर जातीचा प्रश्न आला. इंग्लंडात मूळचे ओक दोन. एकाच्या पानाला देठ जवळजवळ नसतो, पण बोंडाला लांब देठ असतो. दुसऱ्याच्या पानाला देठ असतो, बोंड मात्र थेट फांदीला चिकटलेलं. पहिल्याचं शास्त्रीय नाव क्वेर्कस रोबर, दुसऱ्याचं क्वेर्कस पेट्रिया. देठ कुठे नाही आणि कुठे आहे यात एरवीच्या माणसाचा घोळ होतो, आणि घोळ होणारी माणसं नानांना फार आवडतात. ते पानाची फांदी हातात धरायचे आणि रस्त्याने जाणाऱ्याला "एक्स्क्यूज मी" म्हणून थांबवायचे. इंग्रज माणूस सभ्य असतो, थांबतो. मग त्याची तोंडी परीक्षा. कुत्रेवाला शेजारी जन्मापासून या पार्कात वावरलेला. तो तीनदा नापास झाला. "पानाच्या बुडाशी कानाच्या पाळ्या दिसतात की नाही?" नाना त्याला इंग्रजीतून विचारायचे. "त्या दिसल्या की रोबर. यात अवघड काय आहे?" शेजारी पुढे पुढे कुत्र्याला दुसऱ्या फाटकाने न्यायला लागला. त्यात आणखी भर म्हणजे या दोन जातींचा आपसात संकर होतो आणि मधली पिल्लावळ तयार होते. हे कळल्यावर नाना दोन दिवस अस्वस्थ होते. वारस नोंदीत असले घोळ त्यांनी पुष्कळ पाहिले होते, पण झाडांकडून त्यांची ती अपेक्षा नव्हती.

एकदा मी म्हटलं, "नाना, आपल्या वडा-पिंपळात काय कमी आहे?" तर म्हणाले, "कमी काही नाही. पण वडाचं बूड कुठे संपतं सांगा. पारंब्या टेकल्या की दुसऱ्याच्या गटात शिरला. वडाची मोजणी म्हणजे कोर्टकचेरी. हे झाड कसं, एका सर्व्हे नंबरात राहतं." सह्याद्रीत ओक मुळात उगवतच नाही, भारतात तो हिमालयात आणि ईशान्येकडे, हे त्यांनी मला वर ऐकवलं. कुमाऊँत त्याला बांज म्हणतात. नाना एकदा कंपनीच्या टूरबरोबर नैनितालला जाऊन आले होते, चहूकडे बांजच होते, आणि त्यांनी एकही मोजला नव्हता. टूरवाल्याने वेळ दिला नाही. ही तक्रार अजून बंद झालेली नाही.

नॉटिंगहॅमला राहून शेरवुडला नेणं भागच होतं. तिथला मेजर ओक हा या मुलखातला सर्वांत मानाचा म्हातारा. घेर सुमारे ११ मीटर, वजन अंदाजे २३ टन, वय आठशे ते अकराशे वर्षांच्या दरम्यान कुठेतरी, आतून पोकळ, आणि पसरलेल्या फांद्यांना खालून टेकू दिलेले. नानांचा मुलगा इतकी वर्षं समजत होता की मेजर म्हणजे मोठा. तसं नाही. हेमन रूक नावाचा एक मेजर सैन्यातून निवृत्त झाला आणि या भागातली जुनी झाडं बघत, मापत, त्यांची चित्रं काढत फिरला. १७९० साली त्याने त्यावर पुस्तक छापलं, आणि झाडाला त्याची पदवी चिकटली. ही माहिती नानांनी फलकावर वाचली आणि ते जागच्या जागी ताठ झाले. निवृत्त माणूस. फीत घेऊन हिंडणारा. घरच्यांनी त्यालाही "आता जरा स्वस्थ बसा" म्हटलं असणारच. आणि त्याच्या नावाचं झाड सव्वादोनशे वर्षांनंतरही लोक इकडून-तिकडून बघायला येताहेत! त्या दिवसापासून पार्कातल्या ओकचा उल्लेख नाना "आपला" असा करू लागले, आणि त्यापुढे थोडी जागा मोकळी सोडू लागले.

दुर्दैवाने मेजर ओकला कुंपण आहे. मुळांवर माणसांच्या पायांनी माती दाबली जाते, म्हणून ते अर्ध्या शतकापूर्वीच घातलेलं. नाना फीत घेऊन कुंपणाशी उभे. तिथल्या स्वयंसेवक बाई अतिशय गोड. त्यांनी सांगितलं की आत जाता येत नाही, पण रॉबिन हूड आणि त्याचे साथीदार याच पोकळीत लपायचे अशी आख्यायिका आहे. नानांनी चष्मा वर केला. "मॅडम, रॉबिन हूड झाला असलाच तर सात-आठशे वर्षांपूर्वी. तेव्हा हे झाड एक तर नव्हतं, किंवा होतं तरी पोकळ होण्याच्या वयाचं नव्हतं. ओक तीनशे वर्षं वाढतो, तीनशे वर्षं जगतो, तीनशे वर्षं मरतो, असं तुमचेच लोक म्हणतात. दरोडेखोर लपणार कुठे?" बाई हसून म्हणाल्या, खरं आहे, पण मुलांना गोष्ट आवडते. नाना म्हणाले, "मुलांना आवडते म्हणून नोंद फिरवता येत नाही." मुलाने त्यांना कॉफीकडे वळवलं.

जून आला आणि माईंची वटपौर्णिमा आली. वड आणायचा कुठून? गेल्या वर्षीपर्यंत मंडळातल्या बायका कुंडीतल्या बोन्सायला सूत गुंडाळायच्या, तेही एकीच्या दिवाणखान्यात, पाळीपाळीने. माईंनी सरळ पार्कातल्या ओकला फेऱ्या घालायचं ठरवलं. नानांनी शास्त्रार्थ काढला. ग्रीसमध्ये डोडोना इथे ओकच्या पानांच्या सळसळीतून झ्यूस देवाचा कौल घेत, जर्मनांकडे तो मेघगर्जनेच्या देवाचा, तेव्हा पूज्य आहेच. प्रश्न फक्त फळाचा आहे. वडाने सात जन्म मिळतात हे सिद्ध आहे, ओकचं कुठे लिहिलंय? माई सूत सोडवत म्हणाल्या, "झाड कुठलंही असो, यायचे तुम्हीच आहात." सात फेऱ्या झाल्या. नानांनी तेवढ्यात सुताची लांबी मोजून भागिले सात केलं आणि घेर बरोबर जुळतो हे जाहीर केलं.

खरा नाना पाहायला मिळाला तो गणेशोत्सवात. मंडळाने हॉल भाड्याने घेतला होता, आरतीआधी ज्येष्ठांना दहा मिनिटं बोलायला द्यायची पद्धत आहे, आणि ज्येष्ठ सहसा "आमच्या वेळी" म्हणून सुरुवात करून सातव्या मिनिटाला भावुक होतात. नाना भावुक होणाऱ्यांतले नव्हेत. ते कागद घेऊन उभे राहिले.

"सोळाशे एक्कावन्न," नाना म्हणाले. "सप्टेंबर महिना. वुस्टरची लढाई हरून इंग्लंडचा तरुण राजपुत्र चार्ल्स पळतोय. मागे क्रॉमवेलचे शिपाई. बॉस्कोबेल नावाच्या ठिकाणी तो एका सरदाराबरोबर ओकच्या झाडावर चढला आणि अख्खा दिवस वर बसून राहिला. खाली शिपाई शोधताहेत. ओकची पालवी दाट, दिसला नाही." इथे एका काकांनी आग्र्याची आठवण काढली, तर नानांनी त्यांना हाताने थांबवलं. "महाराजांची गोष्ट वेगळी. महाराज झाडावर बसले नाहीत. मुद्दा पुढे आहे. नऊ वर्षांनी हाच चार्ल्स राजा झाला. त्याचं लग्न ठरलं पोर्तुगालच्या राजकन्येशी. १६६१ चा करार. हुंड्यात काय मिळालं? मुंबई!"

हॉलमध्ये खसखस पिकली. नाना थांबले नाहीत. "आणि त्याने काय केलं? १६६८ साली ती कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली. दहा पौंड! आत्ता या हॉलचं तासाचं भाडं किती आहे, चिटणीसांनी सांगावं." चिटणीसांनी सांगितलं नाही. "तेव्हा मंडळी, त्या दिवशी ती फांदी मोडली असती तर तुमची लोकल, तुमचा वडापाव, तुमचं मंत्रालय, सगळ्याचा सातबारा वेगळा झाला असता."

त्या झाडाचं पुढे काय झालं, तर राजभक्तांनी आठवण म्हणून तुकडे तोडून तोडून ते संपवलं. तिथे आज आहे तो त्याचा वंशज. राजा परतला तो २९ मे, त्याचा वाढदिवस. तो दिवस पुढे जवळजवळ दोनशे वर्षं सरकारी सुट्टीचा होता आणि लोक छातीवर ओकची डहाळी किंवा ओकवरची गाठ लावून मिरवत. चेल्सीच्या निवृत्त सैनिकांच्या आश्रमातले वृद्ध अजूनही आश्रमाच्या संस्थापकाच्या, म्हणजे याच चार्ल्सच्या, स्मरणार्थ ओकच्या पानांचा मान ठेवतात. गल्लोगल्ली 'रॉयल ओक' नावाचे पब आहेत ते याच प्रकरणातून. नाना स्वतः थेंबाला शिवत नाहीत, पण व्हिस्कीच्या पिंपाबद्दल ते एखाद्या पट्टीच्या पिणाऱ्याला लाजवतील असं बोलतात. अमेरिकेत बर्बनला आतून जाळलेलं कोरं ओकचं पीपच लागतं, असा कायदा. एकदा वापरलेली पिंपं मग स्कॉटलंडला जातात. "म्हणजे स्कॉच ही जुन्या भांड्यातली," नाना म्हणाले, आणि समोरच्या रांगेतले तीन डॉक्टर अस्वस्थ झाले.

मग जहाजं. नेल्सनच्या 'व्हिक्टरी'ला सुमारे सहा हजार झाडं लागली, बहुतेक ओकची. सगळं आरमार ओकवर उभं. लाकूड तुटायला लागलं तेव्हा मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागाची जहाजं बांधून दिली. ओकमधलं टॅनिन लोखंडी खिळ्यांना खातं, सागातलं तेल त्यांना जपतं. मुंबईत १८१७ साली पाण्यात उतरलेलं 'त्रिंकोमाली' आज हार्टलपूलला अजून तरंगतंय. ओकची व्हिक्टरी? १९२२ पासून कोरड्या गोदीत! यावर टाळ्या पडल्या. नाना क्षणभर गोंधळले, कारण ते ओकच्या बाजूने बोलायला उभे राहिले होते. आरती पाऊण तास उशिरा झाली. मोदक थंड झाल्याबद्दल बायकांनी नानांना धरलं आणि माईंनी त्यांना सोडवलं नाही.

एका बाबतीत मात्र नानांना माघार घ्यावी लागली. नात चार महिन्यांची होती आणि बाळगुटीचा विषय घरात मे महिन्यातच निकालात निघाला होता. सूनबाई फार्मासिस्ट. सहा महिने दुधाशिवाय काही नाही, असं हेल्थ व्हिजिटरने सांगितलेलं आणि सूनबाईंनी दुप्पट ठामपणे सांगितलेलं. माईंनी आणलेली गुटीची पिशवी कपाटात वरती गेली. नानांना त्यात रस नव्हता. पण ऑगस्टमध्ये त्यांना शोध लागला की गुटीतलं मायफळ हे फळच नाही. ती ओकवरची गाठ! तुर्कस्तान-इराणकडच्या एका ओकच्या कोवळ्या फुटव्यावर गांधीलमाशीच्या गोतातला चिलटाएवढा कीटक अंडं घालतो. झाड त्या जागी गोळा वाढवतं, आत अळी पोसली जाते, आणि गोळ्यात टॅनिन ठासून भरतं. तोच गोळा महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सहाणेवर दोन वळसे उगाळून बाळांना चाटवला जातोय.

आणखी पुढचं वाचून तर नाना पिसाटले. तसल्याच गाठींचा काढा आणि हिराकस मिळून युरोपची शाई व्हायची. मॅग्ना कार्टा त्या शाईत. आणि १०८६ सालचं डूम्सडे बुक त्या शाईत! डूम्सडे बुक म्हणजे बहुतेक साऱ्या इंग्लंडची जमीनमोजणी, गावागणिक मालक, नांगर, गिरण्या. काही परगण्यांत तर जंगलाचं क्षेत्र आकड्यात न लिहिता 'इतकी डुकरं पोसतील एवढं' असं लिहिलंय, कारण शरदात डुकरं ओकची बोंडं खायला रानात सोडत. नाना शुद्ध शाकाहारी, पण ही पद्धत त्यांना बेहद्द पटली. "क्षेत्राला भांडण आहे, डुकराला नाही," ते म्हणाले. "डुक्कर एक तर पोसतं नाही तर मरतं."

एवढा सगळा मुद्देमाल घेऊन ते सूनबाईंसमोर उभे राहिले. "सूनबाई, तुझ्या नवऱ्याने लहानपणी ओक चाटलाय. मी चाटलाय. मॅग्ना कार्टाने चाटलाय." सूनबाई लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाल्या, "बाबा, मॅग्ना कार्टाला बद्धकोष्ठ झालं असतं तर चाललं असतं." टॅनिन स्तंभक असतं हे नानांना माहीत होतं. त्यांनी पिशवी पुन्हा कपाटात ठेवली आणि मायफळ तेवढं काढून खिशात टाकलं.

ऑक्टोबरात त्यांचे खिसे बोंडांनी भरायला लागले. त्या साली ओकला बहर होता. काही वर्षं ओक हात आखडता घेतो आणि मग एखाद्या वर्षी पार्क झाकून टाकतो, म्हणजे खाणाऱ्यांची पोटं भरूनही काही उरतात. जे नावाचा, कावळ्याच्या गोतातला, पंखावर निळी पट्टी असलेला पक्षी हजारोंनी बोंडं जमिनीत पुरतो आणि विसरलेल्यांचे ओक होतात. नाना या पक्ष्यावर खूष होते, फक्त तो नोंद ठेवत नाही याचं त्यांना वाईट वाटे. अॅडमिरल कॉलिंगवुडही फिरायला जाताना खिशातली बोंडं जागोजागी टोचत जायचा, पुढच्या आरमाराची सोय म्हणून. ती झाडं जहाजाच्या वयाची होईपर्यंत जहाजं लोखंडाची झाली. ही गोष्ट नानांनी मला सांगितली ती अगदी गंभीरपणे, आणि सांगता सांगता एक बोंड माझ्या कुंडीत खोचलं.

बेत पुण्याला बोंडं न्यायचा होता. बंगल्याच्या मागे, नळाजवळ. दोन अडचणी निघाल्या. एक, ओकचं बी गव्हासारखं सुकवून ठेवता येत नाही. वाळलं की मेलं. दुसरी अडचण सूनबाईंनी दाखवली: बियाणं परवान्याशिवाय आणि रोगमुक्तीच्या दाखल्याशिवाय नेता येत नाही. दुसरा कोणी असता तर मोज्यात लपवून नेलं असतं. नानांनी नियम दोनदा वाचला, "बरोबर आहे" म्हणाले, आणि अकरा बोंडं दह्याच्या डब्यांत लावून माझ्या दाराशी आणून ठेवली. सोबत चार्ज लिस्ट. अनुक्रमांक, जात, लावल्याचा दिनांक, ठिकाण, शेरा. खाली 'देणार' म्हणून त्यांची सही, 'घेणार' म्हणून माझी जागा कोरी. पहिलं बोंड यायला साधारण चाळीस वर्षं लागतात, अशी तळटीप. मी म्हटलं, "नाना, चाळीस वर्षांनी मी कुठे असेन?" ते म्हणाले, "तुमची बदली झाली तर पुढच्याला चार्ज द्या. कारकुनाने एवढा विचार करायचा नसतो."

नाना गेले आणि आठवड्याभरात खारींनी दहा डबे उकरले. कुठल्या डब्यात काय होतं याचा त्यांच्याइतका चोख हिशेब नानांनीही ठेवला नसेल. मी फोन करून सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता.

"पंचनामा केलात?"

"नाही, नाना."

"मग करून घ्या. दोन पंच लागतील. तो कुत्रेवाला चालेल, स्थानिक आहे. पण जातीचा रकाना त्याच्याकडून भरून घेऊ नका. त्याला अजून देठ कळत नाही."